वीज न जाळणारी माणसं

कोष्टीपुऱ्यात शरयू निमजेला पाणी विचारणं बंद झालं ते मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. ज्या वैनखेडात उन्हाळ्यात मीटर वाचायला आलेल्या माणसापुढेही आधी तांब्या येतो, तिथे ही गोष्ट शिवीपेक्षा मोठी होती. आणि शरयू तर याच गल्लीतली. इथेच जन्मली, मागांच्या खटखटीत अभ्यास करून शिकली आणि आता महापालिकेच्या नगर-ऊर्जा कक्षात नियोजक होती. राहायला नदीपलीकडच्या नव्या वैनखेडात, एका उंच इमारतीच्या एकोणिसाव्या मजल्यावर.

गल्लीच्या तोंडाशी, घराखालीच, तिचा धाकटा भाऊ हेमराज याचं कूलरचं दुकान होतं. पत्र्याचे कूलर बनवायचे, त्यांना वाळ्याच्या ताट्या बसवायच्या, हा त्याचा धंदा. ती आली तेव्हा तो एका ताटीची तार आवळत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"बाबूजी कुठे आहेत?"

"कुठं असनार? गच्चीवर. तुह्या भट्टीसमोर."

"हेमू, ती माझी भट्टी नाही."

"मंग कोनाची हाये? नकाशावर सही तं तुहीच हाये. चंद्रभागाकाकूच्या मातीले आली नाई. बाबूजीच्या वक्ताले तरी येशील ना?"

समोरच्या घरातल्या चंद्रभागाबाई आठवड्यापूर्वी गच्चीवर झोपल्या आणि सकाळी उठल्या नाहीत. महापालिकेच्या पत्रकात कारण 'वार्धक्य' असं होतं. पत्रक शरयूच्याच कक्षातून निघालं होतं. ती जिना चढली.

बाबूजी गच्चीवर पाणी मारत होते. मागावर अख्खं आयुष्य काढलेला माणूस. हात अजून सरळ रेषेत चालायचे. इथली रीत अशी, की दिवस कलला की गच्चीवर पाणी मारायचं, अंथरुणं टाकायची, खालचे सगळे दिवे मालवायचे आणि वर यायचं. घरात पाठ टेकवायची नाही, कारण दिवसभर तापलेला स्लॅब पहाटेपर्यंत आत आग ओकतो. वर मात्र थोड्या वेळात नदीवरून वारा सुटायचा. यंदा वारा नव्हता. बादली रिकामी होईपर्यंत मारलेलं पाणी वाळून जात होतं. जुन्या जकात नाक्यापाशी उभ्या असलेल्या बुटक्या मनोऱ्याचे पंखे नुकतेच सुरू झाले होते, आणि त्यांच्या घरघरीबरोबर गरम हवेचा एक जाड पट्टा गल्लीवर पसरत होता.

शरयूने पर्समधून तापमापक काढून कठड्यावर ठेवला. गेल्या उन्हाळ्यात याच वेळी होतं त्याहून साडेचार अंश जास्त.

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना? हृदयाला रात्री गारवा मिळाला नाही, तर दिवसाचं ऊन झेपायचं नाही. माझ्याकडे चला. महिनाभरच. तिथे चोवीस तास थंड असतं."

"ते थंड कुठून येते?"

शरयूने तापमापक उचलून पर्समध्ये टाकला. उत्तर तिला माहीत होतं, आणि बाबूजींनाही.

"तुह्या घरची गरमी माह्या उशाशी आनून टाकायची," म्हातारा बादली उपडी करत म्हणाला, "आन् मंग थंडाव्याले मलेच तुह्या घरी बोलवायचं. हे कोन्या शाळेत शिकवते व?"

*

बाबूजींचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. थंडावा म्हणून काही तयार करता येत नाही. उष्णता एका ठिकाणाहून उचलायची आणि दुसरीकडे टाकायची, एवढंच यंत्राच्या हातात असतं. भर दुपारी शेहेचाळीस अंशांच्या हवेत ती टाकायची तर यंत्राला धाप लागते आणि वीज बेसुमार जाते. म्हणून नव्या वैनखेडात एकाही घराला स्वतःचा एसी नव्हता. जमिनीखाली एकच मोठं शीतकेंद्र होतं. तिथून थंड पाणी नळांनी सगळ्या इमारतींत फिरायचं आणि खोल्यांमधली उष्णता घेऊन परत यायचं. ती उष्णता दिवसभर खास मिठांनी भरलेल्या टाक्यांत साठवली जाई. हे मीठ उष्णता पिऊन वितळतं, स्वतः मात्र फारसं तापत नाही. सूर्य मावळला की ते पुन्हा गोठू लागतं आणि प्यायलेली सगळी उष्णता परत देतं. मग ती शहराच्या कडेला उभारलेल्या चार मनोऱ्यांपैकी एकातून हवेत सोडून द्यायची. एवढ्याने शहराची एक तृतीयांश वीज वाचली होती.

मनोरे मुळात उंच असायला हवे होते. नव्या विमानतळाच्या वाटेत येतात म्हणून ते बुटके झाले. त्यात नदीकाठचे फ्लॅट सगळ्यांत आधी विकले जातात म्हणून इमारती काठाला खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या आणि पश्चिमेचा वारा तिथेच अडला. शहर किती वीज खाणार हे बटणं दाबणारे ठरवत नाहीत. रस्ते, भिंती आणि मोकळ्या जागा नकाशावर आखल्या जातात, तेव्हाच ते बरंचसं ठरलेलं असतं. शरयू हे प्रत्येक भाषणात सांगायची. टाळ्याही मिळायच्या.

चारांपैकी कोणता मनोरा, हे 'समतोल' नावाची संगणक प्रणाली ठरवत असे. तिला एकच काम दिलेलं होतं: शहराचा एकूण वीजवापर कमीत कमी ठेवायचा. प्रत्येक वस्तीचं तापमान एका अंशाने वाढलं तर तिथला वापर किती वाढतो, हे ती मीटरांवरून शिकत राही, आणि जिथे सगळ्यांत कमी वाढतो तिथे उष्णता सोडे. हा नियम शरयूनेच लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात तिने कोष्टीपुऱ्याचा आलेख उघडला. दिवस मावळला की वापराची रेघ आडवी पडत होती. तापमान वाढो, न वाढो, ती रेघ हलत नव्हती. समतोलच्या हिशेबी या वस्तीला उकाड्याने काहीही होत नव्हतं.

शरयू त्या गच्चीवर लहानाची मोठी झाली होती. नियम लिहिताना ती गच्ची विसरली होती असंही नाही. तिला ती मोजण्याजोगी वाटली नव्हती, इतकंच.

*

मुख्य नियोजक देवदत्त सबनीस यांनी आलेखाकडे पाहिलं आणि चहाचा कप बाजूला ठेवला.

"चूक कुठे आहे यात?"

"कोष्टीपुऱ्यात रात्री कुणी राहतच नाही असं समतोल धरून चाललाय, सर."

"तो काही धरत नाही. तो मोजतो."

"विजेवरून मोजतो. ही माणसं दिवे मालवून गच्चीवर जातात. उकडलं तर चादर ओली करतात, लेकरांना हातपंख्याने वारा घालतात. ते मीटरवर कसं येईल?"

"मग येऊ द्या की. एसी बसवू द्या त्यांना. वापर वाढला की समतोल आपोआप दुसरीकडे बघेल. पद्धत चोख आहे. तुमचीच आहे."

"म्हणजे वीज जाळल्याशिवाय माणूस धरायचा नाही?"

सबनीस हसले. "वीजबचतीत आपण देशात पहिले आलो, आठवतंय? स्टेजवर तुम्हीही होता. तो मान त्या गच्चीवरच्या ओल्या चादरींमुळे मिळाला, असं समजा हवं तर."

"तो एक मनोरा हाताने बंद करता येईल. पंधरा दिवसांपुरता."

"नाही येत. प्रणालीचा निर्णय फिरवायला समिती लागते. समिती जुलैत. तोवर पाऊस येईल आणि हा विषयच राहणार नाही." त्यांनी कप पुन्हा हातात घेतला. "आणि मॅडम, तुमचे वडील कुठे राहतात ते कक्षात सगळ्यांना ठाऊक आहे. अर्ज करताना तेवढं ध्यानात ठेवा. मी तुमच्या जागी असतो तर म्हाताऱ्याला घरी आणलं असतं. पण तुमच्याकडे यायला ते तयार नाहीत म्हणे."

बोलणं संपलं होतं. शरयू उठली.

*

"थे मशीन आमाले पायत नाई, इतकंच ना?" हेमराजने सगळं ऐकून घेतलं. "मंग दाखव ना आमाले."

दाखवण्याचा मार्ग तिला माहीत होता. तो सांगणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं, हेही माहीत होतं. हवा जितकी तापेल तितका वापर वाढला पाहिजे, तोही सलग काही संध्याकाळी, सगळ्या गल्लीने मिळून. समतोल तेवढ्यावरून नवं शिकेल.

हेमराजने गल्ली गोळा केली. माणसं आली, पण शरयूकडे पाठ करून उभी राहिली.

"हीटरचे रॉड बादल्याइत सोडा," तो ओरडून सांगत होता. "इस्त्र्या लावा, शेगड्या लावा. भट्टी सुरू झाली का सगळं चालू. जितकी गरमी जास्त, तितकं जास्त चालू."

"मे महिन्यात पानी तापवायचं?" एक म्हातारी फिस्कारली. "येडी झाली का निमज्याची पोरगी?"

"आन् बिल कोन भरन? तिचा बाप?"

"बाप इथंच हाये," मागून बाबूजी म्हणाले. "विचार त्याले."

कुणी हसलं नाही. ज्यांनी जन्मभर खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवला, त्या बायकांनी रिकाम्या खोल्यांत विजेच्या शेगड्या चालू ठेवल्या आणि शरयूच्या नावाने बोटं मोडली. चौकातली डीपी भुंग्यासारखी गुणगुणू लागली. एका घराने नकार दिला तेव्हा हेमराजच्या मित्रांनी जाऊन त्यांच्या कूलरची ताटी उपसून रस्त्यावर फेकली. शरयूने ते पाहिलं. ती आड आली नाही.

चौथ्या संध्याकाळी जकात नाक्यावरचे पंखे सुरूच झाले नाहीत.

आधी कुणाला विश्वास बसेना. मग एका गच्चीवरून शिट्टी आली, दुसरीवरून थाळी वाजली. बाबूजी खाटेवर आडवे झाले आणि बोलता बोलता झोपले. कुणीतरी शरयूच्या हातात पाण्याचा गडवा दिला. ती गटागट प्यायली.

*

सकाळी तिने कार्यालयात नकाशा उघडला. सुटलेली उष्णता आता उरलेल्या तीन मनोऱ्यांत थोडी थोडी वाटली जाईल, असं ती धरून चालली होती. समतोलने वाटली नाही. वाटणं त्याचं काम नव्हतंच. सगळ्यांत कमी कुरकुर करणारी जागा शोधणं हे त्याचं काम होतं, आणि त्याला दुसरी जागा सापडली होती. पूर्वेचा मनोरा. तिथल्या वस्तीचा वापर उकाड्याने जराही वाढत नव्हता, कारण तिथे मीटरच नव्हते.

नव्या वैनखेडच्या इमारती बांधणाऱ्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या तिथे होत्या. शरयू पोचली तेव्हा बायका तान्ही पोरं घेऊन एका अर्धवट बांधलेल्या स्लॅबखाली सावलीला बसल्या होत्या. सुकवारो मडावी नावाची गडचिरोलीकडची एक बाई ओल्या कापडात गुंडाळलेलं पोर मांडीवर घेऊन होती. पोराचे डोळे उघडे होते, पण ते कशाकडे पाहत नव्हतं.

"काल रात्रीपासून त्या पंख्याची आग येऊन रायली," ती म्हणाली. "पत्र्याले हात लावता येत नाई. पोरगा दूध ओकते."

"तुमच्याकडे वीज किती वेळ असते?"

"ठेकेदार एक दिवा देते. झोपाच्या वक्ताले काढून घेते. बाई, तुमी कोन्या हापिसातल्या?"

शरयूने सांगितलं. सुकवारोने पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि तोंड फिरवलं. तिला पुढे काही विचारायचं नव्हतं. या माणसांना कसली युक्ती सांगणार? लावायला रॉड नव्हता आणि रॉड लावायला बोर्ड नव्हता.

पोराला गाडीतून दवाखान्यात पोचवून शरयू कोष्टीपुऱ्यात आली.

"बंद करा सगळं," ती म्हणाली. "निदान अर्धं तरी. तिकडे लेकरं आहेत."

हेमराजने हातातली पक्कड खाली ठेवली. "इकडं चंद्रभागाकाकू होती. तवा तू कुठं होती?"

"हेमू, तिथे..."

"आमी कोनाले भट्टी पाठवली नाई. तुह्या मशिनीनं पाठवली. आता तिले सांग, का आमी बी मानसं हावोत आन् थे बी मानसं हायेत. नाई सांगता येत? मंग आमचा रॉड चालूच राहीन."

"बंद कर, हेमराज," जिन्यावरून बाबूजी म्हणाले. कित्येक रात्रींत पहिल्यांदा झोपलेल्या माणसाचा आवाज होता तो, पण कडक होता.

"तुमी गप बसा बाबूजी. तुमच्यासाठीच चालू हाये."

"मले ईचारलं होतं?"

हेमराजने पक्कड पुन्हा उचलली. बाबूजी आत गेले आणि त्यांनी घराचा मुख्य खटका खाली ओढला. एका घराने समतोलला काही फरक पडणार नव्हता. गल्लीने मात्र त्यांच्याकडे त्याच नजरेने पाहिलं, ज्या नजरेने ती शरयूकडे पाहत होती.

परतताना पुलावर शरयूने गाडी थांबवली. कोणतीही गल्ली आपला रॉड बंद करणार नव्हती, आणि का करावा? कोष्टीपुऱ्यातून हाकललेली उष्णता मजुरांकडे गेली. मजुरांना मीटर दिले तर ती विटभट्ट्यांकडे जाईल, तिथून आणखी कुठे. कुणाचीतरी उशी तापवल्याशिवाय एकोणिसावा मजला थंड होणार नव्हता. प्रश्न फक्त कुणाची, हा होता. चौथा मनोरा नव्या वैनखेडच्या कमानीशीच उभा होता. बांधल्यापासून त्याचे पंखे एकदाही फिरले नव्हते.

नव्या वैनखेडातल्या पुष्कळ इमारती अजून बांधून व्हायच्या होत्या. त्यामुळे तिथे कुठे माणसं राहायला आली आणि कुठे नाही, ही एकच गोष्ट नियोजकांना हाताने भरावी लागे. पूर्ण निर्मनुष्य विभागाचं मीटर समतोल पाहतच नसे आणि उष्णता आधी तिथेच सोडे. शरयूने आपल्या नावाने प्रणाली उघडली. स्वतःच्या इमारतीसकट सगळ्या विभागापुढे तिने एकच शब्द भरला: निर्मनुष्य.

*

पहिल्या संध्याकाळी फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. कमानीशी घरघर सुरू झाली, एवढंच. पण सोडलेली उष्णता वारा अडवणाऱ्या त्याच इमारतींच्या मधोमध साचली. भिंती तापल्या. खोल्यांमधून जास्त उष्णता उपसावी लागली, ती पुन्हा त्याच मनोऱ्यातून बाहेर आली आणि पुन्हा त्याच भिंतींना भिडली. दुसऱ्या दिवशी दुपारपासून शीतकेंद्र कण्हू लागलं. संध्याकाळी उजेड असतानाच त्याने हात टेकले आणि घराघरांतला थंडावा बंद झाला.

माणसं लिफ्टने खाली आली. या इमारतींच्या खिडक्या उघडतच नव्हत्या. बागेत, पार्किंगमध्ये, कमानीशी गर्दी झाली. एकमेकांची नावंही माहीत नसलेले लोक एकमेकांवर ओरडू लागले. दोघांची गाडी काढण्यावरून गचांडी धरण्यापर्यंत वेळ गेली. कुणीतरी शरयूला ओळखलं.

"ही! हीच ती! महापालिकेतली!"

तिच्याभोवती कडं झालं. सोसायटीचे अध्यक्ष घामाने निथळत पुढे आले. "माझी आई शहाऐंशी वर्षांची आहे. श्वास घेता येत नाहीये तिला. काय चाललंय काय? माणसं राहतात इथे!"

"हो," शरयू म्हणाली. "मी निर्मनुष्य लिहिलं होतं."

एका बाईने तिच्या खांद्याला धक्का दिला. पर्स खाली पडली. तेवढ्यात गर्दी फाकली आणि सबनीस आत शिरले. तेही याच विभागात, शेजारच्या इमारतीत राहत. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"तुम्ही निलंबित आहात," ते शरयूला म्हणाले. "सकाळी पोलिसांत तक्रार जाईल. बंद पाडलंत सगळं."

"मनोरा थांबवा आधी!" अध्यक्ष ओरडले. "तक्रारीचं मागाहून बघा!"

"समिती?" शरयूने विचारलं.

"समिती गेली खड्ड्यात." सबनीसांनी फोन काढून उंच धरला, सगळ्यांना दिसेल असा. "शांत व्हा. कुणी घाबरू नका. मी आत्ता, हाताने, इथून वळवतो सगळं."

गर्दीत सुटकेचा एक आवाज झाला. कमानीतून त्याच वेळी कामावरून परतणाऱ्या बांधकामावरच्या बायका चालल्या होत्या. डोक्यावर चुंबळी, पायांना सिमेंट. गर्दी पाहून त्या थांबल्या होत्या. त्यांच्यात सुकवारो होती. पोर दवाखान्यात असूनही ठेकेदाराने तिच्याकडून पूर्ण दिवस भरून घेतला होता. तिने सबनीसांचं बोलणं ऐकलं आणि ती दोन पावलं पुढे आली. चुंबळ तिने डोक्यावरून काढून हातात घेतली.

"कोनाकडं वळवता, साहेब?"

तिचा आवाज चढा नव्हता, पण जवळच्यांनी ऐकला आणि ते वळले. त्यांच्यामागचेही वळले. अध्यक्षांनी सुकवारोकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

सबनीसांच्या फोनवर चार मनोरे होते. चालू असलेला बंद करायचा, तर दुसऱ्यावर बोट ठेवल्याशिवाय पडदा पुढे सरकत नव्हता. त्यांचा अंगठा काचेच्या अगदी जवळ थांबला होता, आणि कमानीखालची सगळी माणसं त्या अंगठ्याकडे पाहत होती.